‘असावे’ आणि ‘आहे’

गेल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही वेदीवस्त्रे उतरवीत होतो, तोच साक्रिस्तीच्या दारात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण येऊन उभा राहिला. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत तो कंत्राटी कामावर आहे. पावसाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून घातलेला एक कागद त्याने पुढे केला. “फादर, आईचा रिपोर्ट आलाय. इंग्रजीत हाय. तुम्ही वाचून सांगा.” मागे त्याची आई उभी होती. मानेवरची गाठ दिसू नये म्हणून तिने पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला होता.

कागद आम्ही वाचला. गाठीचा तुकडा काढून एका खासगी प्रयोगशाळेत पाठविण्यात आला होता. तेथील तज्ज्ञाने जे लिहिले होते त्याचा अर्थ असा: शरीरात अन्यत्र असलेला कर्करोग गाठीत उतरला असावा, या अनुमानाशी हे चित्र जुळते, विशेष रंगाची चाचणी पॉझिटिव्ह आहे, रुग्णाच्या इतर लक्षणांशी ताडून पाहावे. आम्ही कागदाची घडी घातली आणि म्हणालो, “बाळा, आईला कर्करोग आहे.”

या वाक्यातील शेवटचे क्रियापद आमचे होते. कागदावर ते नव्हते.

पुढच्या रविवारी विश्वासूंच्या प्रार्थनांत त्या माउलीचे नाव तिच्या आजारासह उच्चारले गेले. ते आम्हीच लिहून दिले होते. त्याच आठवड्यात आम्ही तिला रुग्णाभ्यंग दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर या संस्काराला ‘अंत्याभ्यंग’ म्हणावयाचे नाही, तो आजारी माणसाच्या बळासाठी आहे, हे आम्ही प्रवचनांतून अनेकदा सांगितले आहे; पण पाड्यावर तेलाची कुपी घेऊन फादर आले की लोकांना जे समजायचे ते समजते. शेजारच्या बायकांनी तिच्या घरचे पाणी पिणे थांबविले. तिने कोंबड्या वाटून टाकल्या आणि वालाचे बियाणे कोणत्या कणगीत आहे, ते सुनेला दाखवून ठेवले. मुलाने आम्हांस विचारले, घराला लागून असलेला शेताचा तुकडा गहाण टाकावा का? आम्ही म्हणालो, “जमीन पुन्हा मिळेल, आई मिळणार नाही. सुरक्षित बाजू धरा.” जमीन गहाण पडली.

मग मुरबाडहून एस.टी.ने कल्याण, कल्याणहून लोकलने मुंबई. तेथील मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी अहवालावर विसंबून औषधयोजना सुरू केली नाही. त्यांनी आधीच्या प्रयोगशाळेतील काचपट्ट्या आणि मेणात रोवलेला मूळ तुकडा मागविला. त्याचे नवे काप काढले, नव्याने रंग दिले, इतरही तपासण्या केल्या. पाच आठवड्यांनी निदान हाती आले. कर्करोग नव्हता. गाठ क्षयाची होती.

ती बातमी घेऊन मायलेक आले तेव्हा आम्ही देवाचे आभार मानू लागलो. ती माउली मात्र गप्प होती. मग हळूच म्हणाली, “फादर, मला तो आजार नव्हताच, तर मग एवढे दिस मी कशानं मरत होते?”

या प्रश्नाने आम्हांस हा लेख लिहावयास बसविले आहे.

प्रथम, कोणी खोटे बोलले काय? कोणीही नाही. मग घडले ते काय, हे कळावे म्हणून आम्ही परिचयातील एका वृद्ध डॉक्टरांकडे जाऊन बसलो. त्यांची अर्धी हयात सूक्ष्मदर्शकापुढे गेली आहे. त्यांनी जे समजावले ते सांगतो, कारण आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबात कधी ना कधी असा कागद येतो, आणि तो कसा तयार होतो हे मात्र आपण जाणत नाही.

शरीरातून काढलेला तुकडा प्रथम फॉर्मालिनमध्ये बुडवितात. त्या द्रवाचे प्रमाण तुकड्याच्या निदान दहापट हवे; तुकडा त्यात पुरेसा वेळ राहिला पाहिजे, आणि अतिही नव्हे. पुढे तो मेणात रोवून त्याचे इतके पातळ काप काढतात की एका मिलिमीटरात अडीचशे-तीनशे मावावेत. असा काप जवळजवळ पारदर्शक असतो. त्यात पाहण्याजोगे काही दिसत नाही. म्हणून रंग. मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यापासून हिमॅटॉक्सिलिन नावाचा रंग निघतो. एके काळी त्या लाकडाने कापड रंगवीत. एकोणिसाव्या शतकापासून पेशीचे केंद्रक त्याने रंगविले जाते. जोडीला इओसिनचा गुलाबी रंग. हिमॅटॉक्सिलिन दिल्यावर काचपट्टी वाहत्या नळाखाली धरली की तांबूस छटा जाऊन केंद्रके निळी होतात. आमच्या शहापूर तालुक्यातील तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते. आपल्या माणसांच्या काचपट्ट्या निळ्या करण्यास तेही उपयोगी पडते, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

एवढ्याने निर्णय होत नाही तेव्हा विशेष रंगाची पाळी येते. अल्बर्ट कून्स या अमेरिकन संशोधकाने १९४१ साली प्रतिपिंडाला चमकणारे द्रव्य जोडून दाखविले. (परळचे टाटा स्मारक रुग्णालय त्याच वर्षी फेब्रुवारीत सुरू झाले.) कल्पना सुंदर आहे. सशाच्या किंवा उंदराच्या शरीरात तयार झालेले प्रतिपिंड एका विशिष्ट प्रथिनालाच जाऊन चिकटते. त्याच्या पाठीवर रंग उमटविणारे द्रव्य बसविले की ते प्रथिन जेथे असेल तेथे तपकिरी खूण उमटते. केसांत आणि नखांत असते त्या केराटिनच्या कुळातील प्रथिने त्वचेच्या व अवयवांच्या अस्तराच्या पेशींतही असतात. लसिकागाठीत अस्तराच्या पेशी असण्याचे कारण नाही. म्हणून मानेच्या गाठीत केराटिनची तपकिरी खूण दिसली, तर अस्तरातून उद्भवलेला कर्करोग तेथे पोहोचला असावा, असा संशय घ्यावा लागतो. तर्क निर्दोष आहे.

परंतु साक्षीदार निर्दोष असतोच असे नाही. लसिकागाठीत तिचा सांगाडा उभा करणाऱ्या काही जाळीदार पेशी असतात. त्या निरोगी असूनही थोडे केराटिन बाळगतात आणि तपकिरी होतात. क्षयाच्या गाठीत मध्यभाग कुजून दह्याच्या कवडीसारखा होतो, आणि मृत ऊतक, विशेषतः त्याच्या कडा, प्रतिपिंडाला विनाकारण धरून ठेवतात. तांबड्या रक्तपेशींत निसर्गतःच एक विकर असते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडने आधी शमविले नाही, तर प्रतिपिंड नसतानाही रंग उमटतो. यकृत आणि मूत्रपिंड यांत बायोटिन भरपूर असते. जुन्या पद्धतीत तेच फसवी खूण देई. तुकडा फॉर्मालिनमध्ये नीट मुरला नाही, काप कडेने वाळला, तरीही तेच. अशा रंगाला ‘खोटा पॉझिटिव्ह’ म्हणतात. नाव चमत्कारिक आहे. रंग खोटा नसतोच; तो खरोखर उमटलेला असतो. त्याच्यावरून आपण जे म्हणतो ते खोटे ठरते.

म्हणून शहाण्या प्रयोगशाळेत प्रत्येक चाचणीबरोबर आणखी दोन काचपट्ट्या चालतात. एकीवर ते प्रथिन असल्याचे आधीच ठाऊक असते; ती रंगली नाही तर पद्धतच फसली. दुसरीवर मुख्य प्रतिपिंड घालीतच नाहीत; तरीही ती रंगली, तर रंग लबाड आहे. रुग्णाच्या काचपट्टीची साक्ष या दोघींच्या शेजारी ठेवूनच ऐकावयाची, आणि खुणेपेक्षाही पेशींच्या एकंदर रूपावर अधिक भिस्त ठेवावयाची. वृद्ध डॉक्टर म्हणाले, “फादर, आम्ही रंग वाचत नाही, आम्ही ऊतक वाचतो. रंग फक्त बोट दाखवतो.”

हे ऐकताना आम्हांस दानिएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची आठवण झाली. प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी तिची कथा मिस्सामध्ये वाचली जाते. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी साक्ष दिली, सभेने ती मानली, आणि सुसान्नेला मृत्यूची शिक्षा झाली. तेव्हा तरुण दानिएलने त्या दोघांना वेगवेगळे केले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन झाडे सांगितली. शेजारच्या काचपट्ट्यांचे काम त्याहून वेगळे नाही. एक भेद मात्र विसरता येत नाही: ते दोघे जाणूनबुजून खोटे बोलले होते; येथे कोणीही नाही. साम्य आहे ते सभेत. साक्ष देणारे मोठे आहेत, एवढ्यावरच सभेचे समाधान झाले. दुसरा प्रश्न विचारावा असे तिला वाटलेच नाही. साक्रिस्तीत त्या रविवारी सभा म्हणजे आम्ही होतो.

सेमिनरीत आम्हांस शिकविले गेले की, अज्ञान दोन प्रकारचे असते. प्रयत्न करूनही जे दूर होत नाही ते माणसाला दोषमुक्त करते. जे सहज दूर झाले असते ते करीत नाही. केराटिन आणि जाळीदार पेशी हे आमचे पहिल्या प्रकारचे अज्ञान. पण इंग्रजी वाक्यातील ‘असावे’ हे आम्हांस व्यवस्थित समजले होते. तेथे अज्ञान नव्हतेच. मग काय होते? त्या मुलाला स्पष्ट उत्तर हवे होते. धर्मगुरूने ‘बहुधा’, ‘कदाचित’ असे म्हणणे आमच्या भागात दुबळेपणाचे मानतात, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही ते तसेच वाटते. ठामपणाची आम्हांला सवय आहे. ती प्रवचनपीठावर शोभते म्हणून सर्वत्र शोभते, असे आम्ही धरून चाललो.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’मध्ये उतावळ्या निवाड्याचा विचार केला आहे. संशयास्पद गोष्टीत माणसाविषयी चांगलाच अर्थ घ्यावा, असे ते म्हणतात. त्यावर ते स्वतःच आक्षेप घेतात: अशाने आपण वरचेवर फसणार नाही का? फसू, असे ते मान्य करतात. पण दुष्टाला वारंवार चांगले समजण्याची चूक ही चांगल्याला क्वचितदेखील दुष्ट समजण्यापेक्षा बरी. मात्र लगेच ते एक भेद करतात, आणि तो आमच्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. वस्तूंविषयीचा निवाडा वेगळा आणि माणसांविषयीचा वेगळा. वस्तू जशी आहे तशीच जाणण्याचा प्रयत्न करावयाचा. तेथे चांगला अर्थ घेण्याचा प्रश्न नाही, कारण आपल्या मताने वस्तूचे काही बिघडत नाही. माणसाचे बिघडते.

काचपट्टी ही वस्तू आहे. तिच्याकडे दयाबुद्धीने पाहणारा तज्ज्ञ रुग्णाचा घात करील. तेथे गोड अर्थ नको, खरा अर्थ हवा. आणि खरा अर्थ अर्धाच हाती आला असेल, तर ‘असावे’ हाच त्या क्षणीचा खरा अर्थ होय. तो कागद काचपट्टीविषयी बोलत होता. साक्रिस्तीत आमच्या तोंडून तो एका बाईविषयी बोलू लागला. वस्तूचा निवाडा माणसाचा निवाडा झाला, आणि तो बदल कोणत्याही यंत्राने केला नाही. आमचे एकट्याचेच कृत्य होते असेही नाही. नर्सबाईंनी कागद देताना मुलाला सांगितले होते, “लवकर मोठ्या दवाखान्यात न्या.” रिक्षावाल्याने विचारले होते, “कुठल्या स्टेजला आहे?” प्रत्येकाने त्या कागदातील संशय थोडा थोडा झाडून टाकला, आणि पाड्यावर पोहोचेपर्यंत नुसती खात्री उरली.

येथे वाचक विचारतील की, ‘सुरक्षित बाजू धरा’ यात चूक ती काय? आमचेही तेच म्हणणे होते. नीतिशास्त्राच्या इतिहासात यावर मोठे वाद झाले आहेत. संशय असेल तेथे सदैव अधिक सुरक्षित मतच पाळले पाहिजे, कितीही संभाव्य असले तरी दुसरे मत चालणार नाही, या टोकाच्या भूमिकेचा पोप आठवे अलेक्झांडर यांनी १६९० मध्ये निषेध केला. तथापि दुसऱ्याचा जीव पणाला लागला असेल तेथे सुरक्षित मार्गच घ्यावा, हे सर्वांना मान्य होते, आणि वैद्याचे उदाहरण त्यासाठीच देत. प्रश्न असा की, सुरक्षित कोणासाठी? कर्करोगाची औषधे रोग नसलेल्या शरीराला निरुपद्रवी नसतात. गहाणखतही नसते. आमच्या उपदेशात सुरक्षित झालो ते आम्ही: आई दगावली असती, तर ‘फादरने वेळीच सांगितले नाही’ असे कोणी म्हणाले नसते. चुकीची किंमत दुसऱ्याच्या शेतातून जाणार असली की सावधगिरी फार सोपी होते.

हे प्रकरण केवळ गाठ आणि गहाण यांवर थांबले, यात देवाची कृपा मोठी. २०१९ साली केरळातील एका स्त्रीवर याहून कठीण प्रसंग ओढवला. वृत्तपत्रांत त्याची बरीच चर्चा झाली. छातीतील गाठीचा एक नमुना खासगी प्रयोगशाळेत गेला आणि दुसरा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. खासगी अहवाल आधी आला: कर्करोग. औषधोपचार सुरू झाले. मागाहून दुसरा अहवाल आला: कर्करोग नाही. पुढे तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रातील तपासणीतही काही आढळले नाही. दोन साक्षीदार होते. एकाची वाट पाहिली गेली नाही.

याचा अर्थ अहवालावर विश्वास ठेवू नये, असा कोणी घेईल तर ते पाप आमच्या माथी नको. बहुसंख्य अहवाल बरोबर असतात, आणि आमच्या तालुक्यांत उशिरा मुंबई गाठल्यामुळे मेलेली माणसे आम्ही पुष्कळ पुरली आहेत. तंबाखू-मिश्रीने तोंड सोलून निघालेले, ‘बघू, पेरणी झाल्यावर जाऊ’ म्हणत बसलेले. शिवाय खोटी सूचना देणारी चाचणी निरुपयोगीच असते असेही नाही. गर्भाशयाच्या मुखावर पातळ ॲसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहण्याची एक साधी तपासणी आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात या तपासणीने शंभरांतील सुमारे चौदा स्त्रियांना वेगळे काढले. त्यांतील बहुतेकींना काहीही नव्हते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने हीच तपासणी अल्पशिक्षित पण प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून वर्षानुवर्षे करविली. सुमारे ७५ हजार स्त्रिया त्या गटात होत्या, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. इतक्या खोट्या खुणा देणारी तपासणी इतके जीव वाचवू शकली, कारण पांढरा डाग म्हणजे पुढील तपासणीचे बोलावणे, एवढाच त्याचा अर्थ ठेवला गेला. डाग दिसला तेथेच निवाडा झाला नाही.

खाजगीत एक कबुली द्यावीशी वाटते. क्षयाचे निदान झाले तेव्हा आम्हांस जो आनंद झाला, त्यात त्या माउलीपेक्षा आमच्या सुटकेचा वाटा अधिक होता. क्षय काही हलका आजार नव्हे; पाड्यावर त्याचीही भांडी वेगळी ठेवतात. पण त्याला औषध आहे, सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, सहा महिने नेमाने घ्यावे लागते, आणि बहुतेक माणसे बरी होतात.

तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले नाही. काही दिवसांनी पाड्यावर गेलो. मुलाला बाजूला घेऊन सांगितले की, कागदावर ‘असावे’ असे होते, ‘आहे’ आम्ही म्हणालो. त्याने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाला, “कागद घेऊन आम्हीच आलो होतो ना, फादर.” यात क्षमा होती की आणखी काही, हे आम्ही त्याला विचारले नाही. मग आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलो आणि तेच तिलाही सांगितले. ती म्हणाली, “म्हंजे तुम्हालाबी ठावं नव्हतं.” “नव्हतं,” आम्ही म्हणालो. “मग तसं सांगायचं होतं. मी वाल पेरलं असतं.”

पाऊस संपल्यावर जमिनीत ओल असते तोवरच वाल पेरतात. त्या वर्षी तिचे शेत सावकाराकडे होते आणि बियाणे कणगीत.

गहाण सोडविण्यासाठी धर्मग्रामाच्या मदतनिधीतून काही रक्कम दिली आहे, काही आमच्याकडून. उरलेली तो मुलगा फेडतो आहे. प्रार्थना वाचणाऱ्या मुलीने एका शनिवारी वही पुढे करून विचारले, “फादर, या मावशीचं नाव आता खोडू ना?” औषध अजून दोन महिने चालावयाचे होते. आम्ही नाव राहू दिले. त्यापुढे लिहिलेले आजाराचे नाव तेवढे खोडले, आणि नंतर वही मागे चाळून इतर नावांपुढचेही.